चेनसॉची दुरुस्ती: आधी ब्रेक, मग इंजिन

दुरुस्तीला मशीन घेऊन येणारं गिऱ्हाईक सहसा एकच तक्रार सांगतं: "चालू होत नाही." मेकॅनिकही मग त्याच तक्रारीच्या मागे लागतो. प्लग बदलतो, कार्ब्युरेटर उघडतो, दोरी ओढतो, इंजिनने आवाज दिला की बिल करतो. या पद्धतीला माझा ठाम विरोध आहे. चेनसॉची चेन भर रेसमध्ये सेकंदाला सुमारे २० मीटर धावते. जे मशीन चालू होत नाही ते कोणाला इजा करत नाही. जे चालू होतं पण ज्याचा ब्रेक धरत नाही, ते माणसाचा खांदा किंवा मांडी फाडतं. म्हणून वर्कशॉपमध्ये कामाचा क्रम ठरलेला असावा. आधी माणसाला वाचवणारे भाग, मग चेन आणि बार, म्हणजे चेन जिच्याभोवती धावते ती लांब पोलादी पट्टी, आणि इंजिन सगळ्यात शेवटी.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या नारळ-सुपारीच्या बागा आडव्या केल्या, पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं. रस्ते मोकळे करायला आणि बागा साफ करायला तेव्हा वाडीवाडीत चेनसॉ घेतले गेले. त्यांतली कित्येक मशीनं त्यानंतर पडवीत नाहीतर गोठ्याच्या माळ्यावर पडून आहेत, टाकीत जुनं पेट्रोल तसंच. फांदी मोडली, वीजखांबावर झाड आलं की ती खाली उतरतात आणि थेट कामाला लागतात. हा लेख अशाच ३० ते ५५ सीसीच्या पेट्रोल मशीनसाठी आहे. छोटं वर्कशॉप चालवणारे आणि स्वतःचं मशीन स्वतः उघडणारे बागायतदार, दोघांनाही तो उपयोगी पडावा.

जागा आणि हत्यारं

काम मोकळ्या हवेच्या ठिकाणी करा. बंद गाळ्यात इंजिन चालवलं की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, डोकं जड होईपर्यंत कळत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि खड्ड्यात साचून राहते. त्यामुळे टाकी रिकामी करायचं काम उंबऱ्याबाहेर करावं, आणि शेजारी वेल्डिंग किंवा ग्राइंडर चालू असेल तर ते थांबेपर्यंत थांबावं. ड्राय पावडरचा अग्निशामक हाताशी हवा, कोपऱ्यात धूळ खात नको.

अंगावर डोळ्यांचा गॉगल, जाड हातमोजे आणि बंद बूट. चप्पल घालून चेनसॉवर काम करू नये, साध्या कानस मारण्याच्या कामालासुद्धा नाही. इंजिन चालू करायची वेळ आली की कानावर इअरमफ घ्या, कारण या मशीनचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो.

हत्यारं थोडीच लागतात. बारचे नट आणि प्लग यांसाठी १३-१९ चा एकत्र पाना, टी-२७ टॉर्क्स, गोल आणि सपाट कानस, रेकर (चेनच्या दातापुढचा उंचवटा) मोजायची पट्टी, बारीक फटी मोजायचं फिलर गेज, व्हर्नियर, कॉम्प्रेशन गेज, आणि जमलं तर इंजिनचे फेरे मोजणारा टॅकोमीटर. टॅकोमीटर महाग वाटतो, पण कानाने ट्यून केलेल्या मशीनचं एक सिलिंडर वाचलं तरी त्याची किंमत वसूल होते.

मशीन हातात आलं की

पहिली कृती एकच: स्विच बंद, प्लगची कॅप काढून बाजूला. मशीन टेबलावर असेपर्यंत कॅप काढलेलीच राहील. दोरी सहज ओढली गेली किंवा क्लच फिरवताना पिस्टन हलला, तरी गरम इंजिन कधीकधी चालू होतं. बॅटरीचं मशीन असेल तर बॅटरी काढून दुसऱ्या टेबलावर ठेवा.

मग गिऱ्हाईकाला चार प्रश्न विचारा. शेवटचं काम कधी केलं? कोणतं लाकूड कापलं? ऑइल कोणतं आणि किती घातलं? मशीन पडलं किंवा झाडाखाली आलं होतं का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक जण टाळतात, म्हणून हँडलला तडा आहे का ते स्वतः बघा.

यानंतर साफसफाई. ब्रेक सोडलेल्या स्थितीत आणा, म्हणजे पुढचं हँडगार्ड मागे ओढा, आणि मगच बारवरचं कव्हर उघडा. काही मशीनमध्ये ब्रेकची पट्टी कव्हरातच असते. ब्रेक लागलेला असताना कव्हर काढलं तर ते परत बसत नाही आणि माणूस ठोकाठोकी करायला लागतो. आत भुसा आणि ऑइल यांचा घट्ट थर साचलेला असतो, तो लाकडी काडीने आणि ब्रशने काढा. पाण्याचा प्रेशर जेट मारू नका, पाणी बेअरिंगमध्ये आणि कॉइलपर्यंत जातं. कूलिंगचे पंखे आणि सिलिंडरच्या फटी मोकळ्या करा. इंजिन तापतं अशी तक्रार असेल तर निम्म्या वेळा कारण इथेच सापडतं.

ब्रेक

क्लचच्या ड्रमभोवती पोलादाची पातळ पट्टी असते. हँडगार्ड पुढे ढकललं की आतली दणकट स्प्रिंग ती पट्टी आवळते आणि ड्रम जागच्या जागी थांबतो. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन उसळून माणसाच्या तोंडाकडे येतं, याला किकबॅक म्हणतात. तेव्हा डाव्या हाताचं मनगट हँडगार्डला लागून ब्रेक बसतो. शिवाय झटका जोराचा असेल तर हँडगार्डच्या वजनामुळे हाताचा स्पर्श न होताही तो बसायला हवा. या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासायच्या.

इंजिन बंद ठेवून हँडगार्ड पुढे ढकला. स्पष्ट "खट" असा आवाज आला पाहिजे. हातमोजा घालून चेन ओढून बघा, ती जराही सरकू नये. मागे ओढल्यावर चेन मोकळी फिरली पाहिजे. मग झटक्याची चाचणी. इंजिन बंदच. ब्रेक सोडून मशीन एखाद्या लाकडी ओंडक्यावर दीड फूट उंच धरा, पुढच्या हँडलवरचा हात सोडा आणि मागचं हँडल धरून बारचं टोक ओंडक्यावर पडू द्या. टोक आपटताक्षणी ब्रेक आपोआप बसला पाहिजे. नाही बसला, तर हँडगार्डच्या सांध्यात भुसा अडकलेला असतो किंवा स्प्रिंग गंजलेली असते.

पट्टीची जाडी व्हर्नियरने मोजा. हुस्क्वर्ना कंपनीच्या माहितीपुस्तकात सगळ्यात झिजलेल्या जागी किमान ०.६ मिमी जाडी सांगितली आहे, इतर मशीनसाठी त्या त्या कंपनीचा आकडा बघा. पट्टी निळी पडली असेल तर कोणीतरी ब्रेक लावून रेस दिलेली आहे. अशी पट्टी जाडीला पुरेशी असली तरी बदला, तापून तिचा कस गेलेला असतो. ड्रमवर ऑइल असेल तर ब्रेक क्लीनरने पुसा. रॉकेलने पुसू नका, त्याचा तेलकट थर मागे राहतो. ब्रेकची स्प्रिंग ताणलेली असते. ती काढताना गॉगल घाला, वरून फडकं धरा आणि तोंड बाजूला ठेवा.

ब्रेकच्या जोडीने आणखी चार छोट्या गोष्टी बघायच्या. बारच्या बुडाशी असलेला चेन कॅचर, म्हणजे तुटलेली किंवा उतरलेली चेन पकडणारा खुंट, तुटलेला नको. रेसच्या वरचं लॉक दाबल्याशिवाय रेस दाबली जाऊ नये. स्विच बंद केला की इंजिन लगेच बंद व्हायला हवं. आणि हँडलचे रबरी किंवा स्प्रिंगचे बुश फाटलेले नकोत. फाटलेल्या बुशने थरथर सरळ हातात येते, आणि वर्षानुवर्षं अशा थरथरीत काम करणाऱ्यांची बोटं बधिर आणि पांढरी पडायला लागतात. शंभर-दोनशे रुपयांचा बुश वाचवण्यात काहीच शहाणपण नाही.

क्लच आणि स्प्रॉकेट

रेस न देता चेन फिरते, ही तक्रार आली की पुष्कळ जण आयडलचा, म्हणजे रेस न देता इंजिन ज्या वेगाने चालतं त्याचा, स्क्रू मागे फिरवून मोकळे होतात. आधी क्लचच्या स्प्रिंगा बघा. एखादी सैल किंवा तुटलेली असेल तर क्लचचे जोडे कमी वेगातच उघडतात आणि ड्रमला लागतात. स्क्रूने हा दोष फक्त झाकला जातो.

बहुतेक मशीनवर क्लचचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलं की तो सुटतो. क्लचवर बाण कोरलेला असतो, तो नीट बघा. पिस्टन अडवायला प्लगच्या जागी पिस्टन स्टॉप लावा. तो नसेल तर स्टार्टरची स्वच्छ दोरी प्लगच्या भोकातून आत सोडा आणि शेवटचं टोक बाहेर ठेवा. एक काळजी घ्या: पिस्टनने एक्झॉस्टचं तोंड बंद केल्यानंतरच दोरी आत घालायची. नाहीतर दोरी त्या तोंडात शिरते, पिस्टनखाली कातरली जाते आणि धागे आत राहतात. फ्लायव्हीलच्या पात्यात स्क्रू ड्रायव्हर अडकवून क्लच सोडायची सवय सर्रास दिसते. पातं तुटतं, फ्लायव्हीलचा तोल जातो, आणि पुढे बेअरिंग जातं.

स्प्रॉकेटवर, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकावर, चेनने पाडलेले घाव व्हर्नियरच्या टोकाने मोजा. ते ०.५ मिमीपेक्षा खोल असतील तर स्प्रॉकेट बदला. साधारण दोन चेनमागे एक स्प्रॉकेट हा हिशोब ठेवावा. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवली तर ती काही दिवसांत लांबते. आतली नीडल बेअरिंग पुसून तिला थोडं ग्रीस द्या.

बार

बारच्या कडा बोटाने नव्हे, सपाट कानशीने तपासा. चेन धावून कडेला धारदार ओठ फुटतात, ते हाताला कापतात. कानस कडेवर आडवी चालवून ते काढा. खोबणीतला काळा चिखल पातळ पट्टीने उकरून काढा आणि ऑइल येण्याचं भोक मोकळं करा. खोबणीची खोली मोजा: ३/८ इंच लो प्रोफाइल चेनसाठी किमान ५ मिमी, ०.३२५ इंच आणि साध्या ३/८ साठी किमान ६ मिमी. हे इंचाचे आकडे चेनच्या पिचचे, म्हणजे कड्यांमधल्या अंतराचे. त्याहून कमी असेल तर चेनचे खालचे दात खोबणीच्या तळाला घासतात.

चेन बसवून ती बाजूला हलवून बघा. फार डुलत असेल तर खोबण रुंद झाली आहे, किंवा चेनचं गेज (खालच्या दातांची जाडी) आणि बारचं गेज (खोबणीची रुंदी) वेगळं आहे. बाजारात १.१, १.३, १.५ आणि १.६ मिमी अशा चार गेजच्या चेन मिळतात. दुकानदाराने "बसते हो" म्हटलं तरी बारवर कोरलेला आकडा वाचूनच चेन घ्यावी. पिच मोजायची असेल तर लागोपाठच्या तीन रिव्हेटमधलं अंतर घेऊन त्याला दोनाने भागा. दर वेळी बार काढला की उलटा करून बसवा, दोन्ही कडा सारख्या झिजतात.

चेनला धार लावणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा, कारण अपघाताची आणि इंजिनच्या झिजेची मुळं बोथट चेनमध्ये असतात. बोथट चेन माणसाला मशीनवर जोर द्यायला लावते. जोर दिला की तोल जातो, बार अडकतो, इंजिन तापतं. चेन बोथट झाली आहे हे भुशावरून ओळखा. धारदार चेन जाड चकत्या टाकते, बोथट चेन पिठासारखा बारीक भुसा. काप एका बाजूला वळत असेल तर एका बाजूचे दात दुसऱ्या बाजूपेक्षा लहान किंवा बोथट आहेत.

कोकणात चेन लवकर बोथट होते, याचं कारण जमीन. आडव्या पडलेल्या नारळाचा बुंधा कापताना टोक एकदा जांभ्याला किंवा वाळूला लागलं की क्षणात दात मरतात. नारळाच्या खोडाचा बाहेरचा टणक भाग आणि सागाचं लाकूडही धार खातं. साग कापणाऱ्यांना हे सांगायला नको, त्यात सिलिका असते.

कानशीची जाडी चेनच्या पिचवर ठरते. ३/८ लो प्रोफाइलला ४.० मिमी, ०.३२५ ला ४.८ मिमी, साध्या ३/८ ला ५.२ किंवा ५.५ मिमी. चुकीच्या जाडीची कानस दात बिघडवते, कितीही हळू चालवली तरी.

१. बार वाइसमध्ये धरा. चेन नेहमीपेक्षा थोडी जास्त ताणा, म्हणजे दात डुलणार नाहीत. कानस मारताना ब्रेक लावा, चेन पुढे सरकवताना सोडा. हातमोजे काढायचे नाहीत.

२. सगळ्यात लहान दात शोधून त्यावर खडूची खूण करा. बाकीचे सगळे दात याच्या मापाला आणायचे आहेत.

३. दाताच्या माथ्यावर तिरकी खुणेची रेघ असते, कानस तिला समांतर धरा. बहुतेक चेनना हा कोन ३० अंशांचा असतो. कानस आडवी, आणि तिच्या जाडीचा पाचवा ते चौथा भाग दाताच्या माथ्याच्या वर. कानशीला अडकवायचं गाइड मिळतं, हात बसेपर्यंत ते वापराच.

४. दाताच्या आतून बाहेर ढकला. धार फक्त पुढे जाताना लागते, परत आणताना कानस उचला. दोन-तीन घाव पुरतात. अधूनमधून कानस बोटांत थोडी फिरवा, म्हणजे ती एका बाजूने झिजत नाही. दातावर प्रकाश पडू द्या. धारेच्या कडेवर चमकणारी पांढरी रेघ दिसत असेल तर तो भाग अजून बोथट आहे.

५. एका बाजूचे सगळे दात संपवा, मग मशीन फिरवून दुसऱ्या बाजूचे घ्या. व्हर्नियरने लांबी जुळवा. उजव्या हाताने काम करणाऱ्यांचा एका बाजूला जोर जास्त पडतो, म्हणून मोजल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

६. दर तीन-चार धारांनंतर रेकर बघा. दाताच्या पुढे जो उंचवटा असतो तो रेकर, दात किती खोल चावा घेईल हे तो ठरवतो. ०.३२५ आणि ३/८ चेनवर तो दाताच्या माथ्यापेक्षा ०.६५ मिमी खाली असावा. पट्टी ठेवून वर आलेला भाग सपाट कानशीने काढा आणि पुढची कड पुन्हा गोल करा.

रेकर जास्त खाली घालवून "मशीन जोरात कापतं" असं दाखवणारे कारागीर आहेत. अशी चेन चावा मोठा घेते, मशीन हिसडे देतं आणि किकबॅकचा धोका कित्येक पटींनी वाढतो. गिऱ्हाईकाने मागितलं तरी हे करून देऊ नये.

दाताची लांबी ३ ते ४ मिमीच्या खाली आली, दाताला किंवा जोडणीच्या पट्टीला तडा गेला, की चेन भंगारात. एखादी तुटलेली कडी खिळा ठोकून जोडलेली चेनही मी पाहिली आहे. तशी चेन मशीनवर चढवू नका, गिऱ्हाईकाच्या हातातही परत देऊ नका.

चेन ताणताना बारचे नट थोडे सैल ठेवा, बारचं टोक वर उचलून धरा, तसंच धरून ताण द्या आणि मगच नट घट्ट करा. चेन हाताने वर ओढल्यावर खालचे दात खोबणीतून पूर्ण बाहेर येऊ नयेत, आणि चेन हाताने सहज फिरावी. गरम चेन सैल दिसते. काम चालू असताना ती ताणलीच तर काम संपल्यावर पुन्हा सैल करायला विसरू नका. थंड होताना चेन आक्रसते आणि तो ताण क्रँकशाफ्ट आणि बेअरिंगवर येतो.

चेनचं ऑइल

"जळकं ऑइल चालतं की" हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. गाडीतून काढलेल्या ऑइलमध्ये धातूचा बारीक चुरा असतो, तो पंप आणि बार दोन्ही खातो. शिवाय ते तुषार होऊन कपड्यांवर, कातडीवर आणि बागेच्या मातीत उडतं. वापरलेलं इंजिन ऑइल कातडीला वारंवार लागणं कॅन्सरच्या दृष्टीने धोक्याचं आहे. चेन ऑइल मिळालं नाही तर नवीन एसएई ३० ऑइल घाला. पेट्रोलची एक टाकी संपेपर्यंत ऑइलची टाकी जवळपास रिकामी व्हायला हवी. ऑइल तसंच राहत असेल तर पंप, त्याची जाळी किंवा बारचं भोक तुंबलं आहे.

पेट्रोल आणि इंजिन

आता इंजिन. चालू न होणाऱ्या मशीनमध्ये सगळ्यात आधी टाकीतलं पेट्रोल ओतून टाका. आज आपल्या पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, साठवणीत पाणी आणि इथेनॉल खाली बसतात, आणि टाकीतली नळी नेमकं तेच उचलते. रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरचे डायफ्रॅम त्याने फुगतात नाहीतर कडक होतात. हाताने जुळवायच्या कार्ब्युरेटरसाठी अनेक माहितीपुस्तकांत १० टक्के इथेनॉलची मर्यादा दिलेली असते. म्हणून पेट्रोल आणि टू-स्ट्रोक ऑइलचं मिश्रण लागेल तेवढंच बनवा आणि महिन्याच्या आत संपवा.

प्रमाण: कंपनीच्या किंवा तशा दर्जाच्या टू-स्ट्रोक ऑइलसाठी ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली. साध्या टू-टी ऑइलसाठी २५ ला १, लिटरला ४० मिली. माप अंदाजाने नव्हे, मापट्याने. मिश्रण वेगळ्या कॅनमध्ये करून हलवा, टाकीत ऑइल ओतून वर पेट्रोल घालू नका. बोटीच्या इंजिनचं ऑइल वेगळं असतं, हवेने थंड होणाऱ्या या इंजिनला ते चालत नाही. किनाऱ्यावर ते सहज मिळतं म्हणून मुद्दाम सांगतो.

एअर फिल्टर काढायच्या आधी चोक बंद करा, म्हणजे भुसा आत पडणार नाही. फिल्टर आपटून झटका, कोमट साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा. फाटलेला असेल तर नवीन. टाकीतला फिल्टर तारेच्या हुकाने बाहेर ओढा. तो काळा किंवा कडक असेल तर बदला, वर्षातून एकदा तर बदलाच. नळी वाकवून बघा, तडे दिसले की तीही बदला.

प्लगचं टोक तपकिरी असेल तर ठीक. काळं आणि ओलं असेल तर ऑइल जास्त किंवा फिल्टर तुंबलेला. पांढरं असेल तर थांबा, हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ आहे (पेट्रोल कमी पडतंय) किंवा कुठून तरी हवा शिरते आहे. गॅप ०.५ मिमी. ठिणगी बघताना प्लग सिलिंडरच्या भोकापासून लांब धरा, भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर पडते. ठिणगी नसेल तर आधी स्विचची वायर काढून बघा, मग कॉइल. कॉइल आणि फ्लायव्हीलमधलं अंतर ०.२ ते ०.३ मिमी ठेवा.

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरी चालू होत नाही, मग कॉम्प्रेशन मोजा. रेस पूर्ण उघडून पाच-सहा वेळा दोरी ओढा. १२० पीएसआयच्या वर असेल तर चिंता नाही, १०० च्या खाली गेलं तर सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या तोंडातून पिस्टन बघा. त्यावर उभे ओरखडे असतील तर पिस्टन ऑइलअभावी किंवा पातळ मिश्रणाने सीझ झालेला आहे. नवा पिस्टन घालण्याआधी त्याचं कारण शोधा: चुकीचं प्रमाण, फाटलेली नळी, क्रँकचं गेलेलं सील. कारण न शोधता घातलेला पिस्टन त्याच वाटेने जातो. सायलेन्सर उघडाच आहे तर ठिणग्या अडवणारी जाळीही साफ करा. ती काजळीने तुंबली की मशीन रेस घेत नाही आणि दोष उगाच कार्ब्युरेटरवर येतो. साफ केल्यावर ती परत बसवा. सुक्या गवतात काम करणाऱ्याला ती वणव्यापासून वाचवते.

मशीन थोडं चालून बंद पडत असेल तर टाकीचं झाकण किंचित सैल करून बघा. त्याने ते चालू राहिलं तर हवा आत घेणारा व्हेंट तुंबलेला आहे. एवढ्यावर निभावलं नाही तरच कार्ब्युरेटर उघडा. वालब्रो आणि झामा या कंपन्यांच्या कार्ब्युरेटरचे डायफ्रॅम आणि गॅस्केट यांचा संच स्वस्तात मिळतो. उघडताना प्रत्येक थराचा फोटो काढा. बहुतेकांत नीडलच्या बाजूला आधी गॅस्केट मग डायफ्रॅम, पंपाच्या बाजूला आधी डायफ्रॅम मग गॅस्केट असा क्रम असतो. हवा मारायची तर डायफ्रॅम काढूनच मारा. जेटच्या भोकात तार घालू नका.

स्टार्टरबद्दल एवढंच: दोरी बदलण्याआधी पुलीवरचा ताण हळूहळू सोडून द्या. आतली गुंडाळलेली स्प्रिंग एकदम सुटली तर डोळा जातो.

चालू करणं आणि ट्यूनिंग

पेट्रोल भरलेल्या जागेपासून किमान ३ मीटर लांब या. मशीन सपाट जमिनीवर, ब्रेक लावलेला, बारचं टोक कशालाही टेकलेलं नाही. डावा हात पुढच्या हँडलवर, अंगठा खालून वळवलेला. उजव्या पायाचं बूट मागच्या हँडलमध्ये. मग दोरी ओढा. हातात लटकावून झटक्यात चालू करण्याची पद्धत वर्कशॉपमध्ये कोणालाही करू देऊ नका, नव्या पोरांना तर नाहीच. ते तुमचं बघूनच शिकतात.

ट्यूनिंग बार आणि चेन बसवूनच, बाहेर, इंजिन गरम झाल्यावर. कार्ब्युरेटरवरचे एल (कमी वेगाचा) आणि एच (जास्त वेगाचा) हे दोन्ही स्क्रू पूर्ण बंद करून साधारण एक फेरा उघडा, मॉडेलचा नेमका आकडा माहितीपुस्तकात असतो. स्क्रू बंद करताना हलक्या हाताने, जोर दिला तर आतलं तोंड खराब होतं. एल ने इंजिन सगळ्यात जलद आयडल घेईल तिथे आणा आणि किंचित उघडा. मग आयडलचा स्क्रू असा ठेवा की चेन हलणार नाही. एच टॅकोमीटर लावून कंपनीने दिलेल्या कमाल फेऱ्यांच्या आतच जुळवा. जास्त बंद केला की आवाज तीक्ष्ण होतो, मशीन तडफदार वाटतं आणि पिस्टन जातो. इथेनॉलच्या पेट्रोलने मिश्रण आधीच पातळ होतं, म्हणून एच थोडा उघडा असलेला बरा.

आता शेवटची तपासणी. ब्रेक लावून क्षणभर पूर्ण रेस द्या, तीन सेकंदांपेक्षा जास्त नाही. चेन हलता कामा नये. ब्रेक सोडा, आयडलला चेन स्थिर आहे ना बघा. बारचं टोक पुठ्ठ्यापासून वीतभर लांब धरून पाऊण रेस द्या. मिनिटभरात पुठ्ठ्यावर ऑइलची रेघ उमटली पाहिजे. स्विचने इंजिन बंद करा. यातली एकही गोष्ट जमली नाही तर मशीन परत टेबलावर. गिऱ्हाईक घाईत असलं, बाहेर रिक्षा उभी असली तरीही.

परत देताना

मशीनला एक चिठ्ठी बांधा. तीवर ऑइलचं प्रमाण, चेनचं पिच आणि गेज, कानशीची जाडी आणि ब्रेक तपासल्याची तारीख लिहा. गिऱ्हाईकासमोर झटक्याची चाचणी करून दाखवा आणि त्याच्याकडून एकदा करून घ्या. पावसाळ्यात मशीन महिनोन्‌महिने वापरायचं नसेल तर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होतो. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर टू-स्ट्रोक ऑइल घाला, दोरी दोन-तीनदा सावकाश ओढा, प्लग परत लावा. चेन काढून ऑइलमध्ये बुडवून डब्यात ठेवा. मशीन कोरड्या जागी, चुलीपासून आणि मुलांपासून लांब ठेवा, आणि पुन्हा काढाल तेव्हा दोरीला हात लावण्याआधी ब्रेक तपासा.